नव्या पर्यवेक्षकांसाठी कुडाळचा प्रशिक्षण वर्ग : एका काजू कारखान्याच्या अनुभवातून

कुडाळ येथे नव्याने जबाबदारी स्वीकारणाऱ्या तरुण पर्यवेक्षकांसाठी आणि व्यवस्थापकांसाठी सहा शनिवारांचा एक प्रशिक्षण वर्ग चालतो. सिंधुदुर्गातील एका काजू प्रक्रिया कारखान्याचे कामकाज मी पाहते. आमच्याकडील तरुण पर्यवेक्षकांना आम्ही या वर्गाला पाठवले आणि त्यांतील बऱ्याच सत्रांना मला स्वतःलाही बसता आले. वर्गाचा बहुतेक भाग मला अतिशय चांगला वाटला, शेवटचा भाग कमकुवत वाटला, आणि तरीही लहान कारखानदाराने आपल्या माणसाला येथे जरूर पाठवावे, असे माझे मत झाले. ते मत सविस्तर मांडते, कारण माहितीपत्रक वाचून यातले फारसे काही कळत नाही. उणिवांविषयीही लिहायचे असल्याने चालकांचे नाव देत नाही. कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत चौकशी केल्यास पत्ता सहज मिळतो.

वर्गाची गरज समजण्यासाठी आमच्या भागातील कामाची घडी आधी पाहावी लागते. कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ले, दोडामार्ग, मालवण या तालुक्यांत काजूचे लहानमोठे कारखाने विखुरलेले आहेत आणि त्यांत काम करणाऱ्यांमध्ये बायका फार मोठ्या संख्येने आहेत. बी वाफवणे, ती निवू देणे, कटरवर फोडणे, गर भट्टीत सुकवणे, सोलणे, प्रतवारी करणे आणि डबाबंद करणे, या साऱ्या साखळीत नफा-तोटा ठरतो तो गर अख्खा निघतो की त्याचा तुकडा होतो यावर, आणि तो सर्वस्वी हाताच्या कसबाचा प्रश्न असतो. पर्यवेक्षक म्हणून मात्र बहुधा पंचविशीच्या आतबाहेरचा पदवीधर मुलगा किंवा मुलगी नेमली जाते, कारण नोंदी, संगणक, मजुरीचा हिशेब आणि खरेदीदारांशी होणारा पत्रव्यवहार त्यांनाच जमतो. त्यांच्या हाताखाली जी बाई असते ती पंधरा-वीस वर्षे कटरवर बसलेली असते, त्याच वाडीतली असते, आणि पर्यवेक्षिकेच्या बारशाला जेवून गेलेली असते. अशा वेळी ‘कालचा चेडू माका काय शिकवतला?’ हा प्रश्न येतोच, आणि त्यात उद्धटपणा नसून व्यवहार असतो, कारण कटरवर काम कसे करावे हे खरोखरच त्या काकीला जास्त कळते.

या पेचातून तरुण माणूस तीनपैकी एखादी वाट धरताना मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. एक तर तो गप्प बसतो आणि नोंदवहीत तोंड घालून दिवस काढतो. किंवा प्रत्येक गोष्ट मालकाच्या नावाने सांगतो, म्हणजे स्वतःकडे निरोप्याचेच काम ठेवतो. किंवा आवाज चढवतो. तिसऱ्या वाटेने गेलेला सर्वांत लवकर थकतो, कारण गावात संध्याकाळी त्याच काकीच्या अंगणावरून घरी जायचे असते. पुण्या-मुंबईत वयाने मोठी माणसे हाताखाली असणे ही केवळ कार्यालयातली अडचण असते, आमच्याकडे ती देवळात, लग्नात आणि गणपतीच्या आरतीतही सोबत येते. कुडाळच्या वर्गाचे मोल मला पहिल्यांदा जाणवले ते यासाठी, की त्यातील मुख्य प्रशिक्षकांनी ही गोष्ट गृहीत धरूनच आखणी केली आहे. ‘नेतृत्वगुण’ या विषयावरची भाषणे त्यांनी जवळजवळ गाळली आहेत आणि हातात घेऊन करता येतील अशा तीन गोष्टींना बहुतेक वेळ दिला आहे: काम शिकवणे, माणसांमधील प्रश्न सोडवणे आणि कामाची पद्धत सुधारणे.

ही विभागणी त्यांची स्वतःची नाही, आणि तसे ते पहिल्याच दिवशी स्पष्टपणे सांगतात. अमेरिकेत १९४० ते १९४५ या काळात ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा सरकारी कार्यक्रम चालला. अनुभवी कामगार सैन्यात भरती झाले, युद्धसामग्रीची मागणी वाढत गेली, आणि कारखान्यांत कधी यंत्राला हात न लावलेले कामगार व त्यांच्यावर तितकेच नवखे पर्यवेक्षक अशी स्थिती आली. तेव्हा प्रत्येकी दोन तासांच्या पाच बैठका, एका वर्गात सुमारे दहाच माणसे आणि प्रत्येकाने स्वतःच्या कारखान्यातील खरे काम घेऊन येण्याची सक्ती, अशा रीतीने सोळा लाखांहून अधिक लोकांना प्रशिक्षण देण्यात आले. युद्ध संपताच तिकडे सरकारने कार्यक्रम गुंडाळला, पण तो जपानमध्ये पोचला आणि टोयोटाच्या प्रशिक्षणपद्धतीत मुरला. पर्यवेक्षकाला पाच गोष्टी लागतात, असे त्या कार्यक्रमाचे म्हणणे होते: कामाचे ज्ञान, जबाबदाऱ्यांचे ज्ञान, शिकवण्याचे कसब, पद्धत सुधारण्याचे कसब आणि माणसे सांभाळण्याचे कसब. पहिल्या दोन गोष्टी ज्याच्या त्याच्या कारखान्यातच मिळतात. उरलेली तीन कसबे मात्र सरावाने कोणालाही शिकता येतात. ऐंशी वर्षांपूर्वीची ही मांडणी आजच्या मुलांना जुनाट वाटेल अशी मला भीती होती, पण ती मुले त्या दिवशी वहीतून मान वर न काढता लिहीत होती. सराव करून अंगी आणता येईल असे काही या कामात आहे, हेच त्यांना तोवर कोणी सांगितले नव्हते.

शिकवण्याच्या सत्राची सुरुवात एका गाठीने होते. मूळ कार्यक्रमात विजेच्या तारेला मारायची एक गाठ शिकवून दाखवली जात असे. येथे प्रशिक्षक मासेमारीचे जाळे विणण्याची गाठ घेतात. प्रथम ते सुई आणि सुतळी बाजूला ठेवून गाठ कशी मारायची ते केवळ तोंडाने सांगतात. दोरा कुठून घ्यायचा, कशाखालून काढायचा, अंगठ्याने कुठे दाबायचा, सारे अगदी बरोबर सांगतात, आणि वर्गातील एकालाही ती गाठ येत नाही. मग ते एक अक्षरही न बोलता गाठ मारून दाखवतात; देवबागकडचा एक मुलगा सोडल्यास पुन्हा कोणालाच येत नाही, आणि त्याला ती आधीपासूनच येत होती. तिसऱ्या वेळी ते एका मुलीला जवळ बसवतात, तेही समोर न बसवता शेजारी, म्हणजे हात तिला उलटे दिसू नयेत. तिला आधी काय काय येते ते विचारतात, एकेक टप्पा दाखवून त्या टप्प्यातली नेमकी मेख सांगतात, मग तिच्याकडून करून घेतात, आणि करता करता ‘येथे अंगठा का दाबला?’ असे तिच्याच तोंडून वदवून घेतात. शेवटी तिला एकटीला सोडतात, पण अडले तर कोणाला विचारायचे ते सांगून सोडतात आणि थोड्या वेळाने पुन्हा बघायला येतात. तयारी, दाखवणे, करून घेणे आणि पाठपुरावा, हे चार टप्पे. कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलेच नाही, हे त्या जुन्या कार्यक्रमाचे वाक्य प्रशिक्षक नंतर सांगतात, पण तोवर ते सांगण्याची गरजही उरलेली नसते.

याच पद्धतीचा दुसरा भाग म्हणजे कामाची फोड करून ती एका पानावर मांडणे. पानाच्या एका बाजूला कामाचे टप्पे, दुसऱ्या बाजूला प्रत्येक टप्प्यातील मेख, आणि ती तशी का, याचे कारण. पुढच्या शनिवारी प्रत्येकाने आपापल्या ठिकाणचे एक पान भरून आणायचे असते. आमच्या फोडणी विभागाच्या पर्यवेक्षिकेने कटरचे काम निवडले आणि सर्वांत कमी तुकडा पाडणाऱ्या काकींच्या शेजारी ती वही घेऊन बसली. ‘आधी बघ, मगे लिही,’ एवढेच काकी म्हणाल्या. दुपारपर्यंत जे पान तयार झाले ते आमच्या कारखान्यात तोवर कोणाकडेच नव्हते. पायाने दाब देऊन पाते टरफलात शिरले की पाय थांबवायचा आणि त्यानंतरच हाताचा दांडा फिरवायचा, कारण दोन्ही एकदम केले की पाते गराला लागते. वेंगुर्ला-७ जातीची टपोरी बी आणि गावठी बारीक बी एकाच ढिगात आली तर पात्यांमधले अंतर बिघडते, म्हणून फोडायला बसण्याआधी बी आकाराप्रमाणे वेगळी करून मागायची. बी पुरती निवलेली नसेल तर तुकडा वाढतो, म्हणून घाई असली तरी गरम बी घ्यायची नाही. टरफलातील तेलाने कातडी भाजते, म्हणून हाताला काय लावायचे आणि केव्हा पुन्हा लावायचे, हेही त्यात आले. काकींना हे सारे येत होते, पण नव्या मुलीला शिकवताना त्या ‘असा कर गो’ म्हणून मोकळ्या होत असत, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

तरुण व्यवस्थापकाविषयी माझे जे ठाम मत आहे ते या पानाशी जोडलेले आहे. जाणत्या हातांतली विद्या नवख्या हातांत पोचवण्याचे काम जो करतो त्याचे म्हणणे कारखान्यात ऐकले जाते. नेमणूकपत्राने फक्त टेबल मिळते. आमच्या पर्यवेक्षिकेने ते पान काकींचे नाव वर लिहून कटरजवळ लावले, नव्या आलेल्या मुलींना त्यावरून शिकवले आणि शिकवताना काकींनाच तपासणीला बोलावले. त्यानंतर तिने बीचा ढीग परत पाठवायला सांगितला तेव्हा कोणी ‘शेटांका विचार’ असे म्हटले नाही. वयाचा प्रश्न त्यामुळे सुटला, असे मी म्हणणार नाही. तो प्रश्न रोजच्या कामाच्या आड येईनासा झाला, आणि एका काजू कारखान्याला तेवढे पुरेसे आहे.

माणसांमधील प्रश्नांवरची दोन सत्रेही तितक्याच तोलामोलाची आहेत. चार पायाभूत गोष्टी येथे सांगितल्या जातात: प्रत्येकाला त्याचे काम कसे चालले आहे ते कळू द्यावे, चांगल्या कामाचे श्रेय वेळेवर द्यावे, ज्या बदलाचा माणसावर परिणाम होणार तो त्याला आधी सांगावा, आणि ज्याच्या अंगी जे कसब आहे त्याचा पुरेपूर उपयोग करावा. ऐकायला या गोष्टी साध्या वाटतात. त्यांचा कस लागतो तो प्रशिक्षणार्थींनी आणलेल्या खऱ्या प्रकरणांत. तारकर्लीच्या एका हॉटेलातील तरुण व्यवस्थापकाची तक्रार होती की जुना आचारी अलीकडे मुद्दाम उशिरा येतो आणि पाहुण्यांसमोर अबोला धरतो. प्रशिक्षकांनी त्याला उपाय सुचवला नाही. आधी माहिती पुरी गोळा करा, म्हणून तासभर प्रश्नच विचारले. हळूहळू निघाले ते असे, की पूर्वी मासे आणायला आचारी स्वतः मालवणच्या लिलावाला जात असे, आणि व्यवस्थापकाने हिशेब नीट राहावा म्हणून एका पुरवठादाराला फोनवर मागणी देण्याची पद्धत सुरू केली होती. हिशेबाच्या दृष्टीने बदल योग्य होता, परंतु तो आचाऱ्याला सांगितलाच नव्हता, आणि सुरमई ताजी आहे की नाही हे गालफडे उचलून ओळखण्याचा त्याचा जो मान होता तो त्यात गेला. पैसे आणि पावत्या व्यवस्थापकाकडे, मासळीची निवड आचाऱ्याकडे, अशी वाटणी करून पाहावी असे त्या मुलाने स्वतःच ठरवले. असा प्रश्न सोडवण्यातला शेवटचा टप्पा, म्हणजे उपायाचा परिणाम तपासणे, यासाठी पुढच्या शनिवारी त्याला पुन्हा उभे करण्यात आले, ही शिस्त मला विशेष आवडली.

रजेच्या नियोजनावरचा अर्धा दिवस तर या भागातील प्रत्येक व्यवस्थापकाने अनुभवावा असा आहे. कोकणातील कारखान्याचे वर्ष कॅलेंडरवर बेतून चालत नाही. पाऊस स्थिरावला की लावणीसाठी निम्म्या बायका शेतात जातात. चतुर्थीला तर कोणालाच अडवता येत नाही, कारण घरचा गणपती असतो आणि मुंबईहून चाकरमानी आलेले असतात. शिमग्याला पुन्हा तीच स्थिती. थंडीत दशावताराच्या जत्रा गावागावांत वेगवेगळ्या दिवशी येतात, आणि आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख तर तिथीवर ठरलेली नसून दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरते. प्रशिक्षक प्रत्येकाला भिंतीवर मावेल एवढा कागद देतात आणि आपल्या विभागातील प्रत्येक व्यक्तीचे गाव, तिच्या गावची जत्रा, शेती आहे की नाही, घरी गणपती दीड दिवसाचा, पाच दिवसांचा की अकरा दिवसांचा, हे सारे विचारून भरून आणायला सांगतात. हे विचारायला गेलेल्या तरुण पर्यवेक्षकाला आपल्या माणसांची जेवढी ओळख होते तेवढी महिनाभर देखरेख करूनही होत नाही. शिवाय तक्ता तयार झाला की असे दिसते की सर्वांची अडचण एकाच दिवशी क्वचितच असते. आमच्याकडे चतुर्थीचे पहिले दिवस कारखाना सरळ बंद ठेवून पुढच्या दिवसांची पाळी आधीच फलकावर लावण्याचे ठरले, लावणीच्या दिवसांतील मागणी खरेदीदारांशी बोलून मागेपुढे केली गेली, आणि आंगणेवाडीची तारीख जाहीर होताच त्याच संध्याकाळी रजेच्या नोंदी घेण्याची जबाबदारी पर्यवेक्षिकेने स्वतःकडे घेतली. न सांगता पडणारे खाडे त्यानंतर स्पष्टपणे कमी झाले.

मोबाइलविषयी एक छोटे सत्र आहे आणि ते योग्य तेवढेच छोटे आहे. तरुण पिढीला व्हॉट्सॲपच्या गटावर सूचना टाकली की काम सांगून झाले असे वाटते. कारखान्यातील बऱ्याच बायकांचा फोन घरी मुलाकडे असतो. वेळापत्रक, छायाचित्र किंवा नोंद फोनवरून पाठवावी, परंतु कामातील बदल, चूक आणि कौतुक या तीन गोष्टी समोर जाऊन सांगाव्यात, असा सरळ नियम येथे दिला जातो. चूक सांगायची ती चारचौघांत न सांगता बाजूला घेऊन सांगावी, हे ओघाने आलेच.

पाचवा शनिवार मालकांचा असतो, आणि माझ्या दृष्टीने हाच या वर्गाचा सर्वांत धाडसी भाग आहे. ज्याने माणूस पाठवला त्या मालकाने किंवा वरिष्ठाने त्या दिवशी स्वतः येऊन बसलेच पाहिजे, अन्यथा प्रशिक्षणार्थीला प्रमाणपत्र मिळत नाही. दोघांनी मिळून तीन रकान्यांचा कागद भरायचा: पर्यवेक्षकाने स्वतःच्या अधिकारात करायच्या गोष्टी, करून मग कळवायच्या गोष्टी, आणि आधी विचारल्याशिवाय करायच्या नाहीत अशा गोष्टी. कटरची झिजलेली पाती बदलणे, अर्ध्या दिवसाची रजा देणे, दमट राहिलेला माल पुन्हा भट्टीत पाठवणे हे पहिल्या रकान्यात यावे की दुसऱ्या, यावर त्या खोलीत जी वादावादी होते ती ऐकण्यासारखी असते. आमच्या भागात मालक साठीचे असतात, कामगारांना नावाने ओळखतात, आणि पर्यवेक्षकाने नाकारलेली रजा एखादी बाई थेट त्यांच्या घरी जाऊन मागून आणते. मालक प्रेमापोटी ‘हो’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी त्या तरुण पर्यवेक्षकाच्या शब्दाला किंमत उरत नाही. मुले जबाबदारी घेत नाहीत अशी तक्रार मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे, पण जबाबदारीसोबत कोणता अधिकार दिला, हे विचारले की उत्तर बहुधा मिळत नाही. दोघांच्या सह्या असलेला तो कागद कारखान्याच्या फलकावर लावण्याची अट चालकांनी घातली आहे आणि ती त्यांनी कधीही शिथिल करू नये.

कायद्याचे सत्र एका महिला वकिलांनी घेतले. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट दराने मजुरी, एवढ्या गोष्टी त्यांनी भराभर सांगितल्या आणि मुख्य वेळ कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यासाठी ठेवला. दहा किंवा अधिक माणसे काम करत असतील तेथे अंतर्गत समिती हवीच, तिच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ पदावरील स्त्री हवी, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया हव्यात, एक सदस्य बाहेरचा हवा, आणि तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, हे येथील अनेकांना प्रथमच कळत होते. वाडीतल्या वाडीत कारखाना असला की असे प्रकरण ‘घरातले घरात’ मिटवण्याकडे सर्वांचा कल होतो, आणि तरुण पर्यवेक्षक आपण मध्यस्थी केली म्हणजे चांगुलपणा केला असे समजतो. अशी मध्यस्थी हे त्याचे कामच नाही, तक्रार समितीपर्यंत पोचू देणे आणि तक्रार करणारीच्या कामावर त्याचा परिणाम होऊ न देणे एवढेच त्याचे काम आहे, हे त्यांनी इतक्या ठामपणे सांगितले की त्या सत्राला आणखी एक तास द्यावा असे मला वाटले.

आता उणिवा. कामाची पद्धत सुधारणे आणि आकड्यांचा वापर हा शेवटचा भाग वेगळ्या प्रशिक्षकांकडे आहे आणि तो पहिल्या भागाच्या पासंगालाही पुरत नाही. त्यांच्या पडद्यावरील सर्व उदाहरणे संगणक कंपन्यांची होती. ज्या वर्गात काजू, मासळी, हॉटेल आणि पतसंस्था यांतील मुले बसली आहेत तेथे सॉफ्टवेअर प्रकल्पाचे वेळापत्रक समजावण्यात दुपार घालवणे हा वेळेचा अपव्यय आहे. उदाहरणाला काजूगराच्या डब्ल्यू २४० आणि डब्ल्यू ३२० या प्रती घ्याव्यात; आकडा म्हणजे एका पौंडात जास्तीत जास्त किती गर बसतात ते, आणि तो जितका लहान तितका गर मोठा व भाव जास्त. एका दिवसाच्या मालातून कोणती प्रत किती निघाली, तुकडा किती गेला, कोणत्या ढिगातून गेला, एवढ्या तीन आकड्यांवर फोडणी विभागाच्या सुधारणेचा सारा अभ्यास उभा करता आला असता. तशी मागणी आमच्या मुलीने केली तेव्हा ‘तत्त्व तेच आहे’ असे उत्तर मिळाले, आणि शिकवण्याच्या सत्रात जे चार टप्पे घोटून घेतले होते त्यांतला एकही त्या दुपारी पाळला गेला नाही. वाटलेल्या पुस्तिकेतही पहिला अर्धा भाग स्वच्छ मराठीत आहे आणि शेवटचा भाग इंग्रजीतून जसाच्या तसा उचललेला आहे.

कारखानाभेटीचे आश्वासन हा दुसरा मुद्दा. वर्ग संपल्यावर प्रशिक्षक प्रत्येक ठिकाणी येऊन पाहणी करतील असे माहितीपत्रकात छापलेले आहे. आमच्याकडे भेटीऐवजी फोन आला, तोही बऱ्याच उशिरा. पाठपुरावा हा चौथा टप्पा शिकवणाऱ्यांनी स्वतः तो टाळावा हे बरोबर नाही, आणि हे मी चालकांना लेखी कळवले आहे. तिसरे म्हणजे, एक तुकडी ऐन एप्रिल-मेमध्ये घेतली जाते. त्या दिवसांत बीची खरेदी चालू असते, बागायतदार आंब्यात असतात, हॉटेले भरलेली असतात; त्या तुकडीत येणारी मुले अर्धे लक्ष फोनवर ठेवून बसतात. आणखी एक गोष्ट पूर्णपणे राहून गेली आहे. आंब्याच्या बागांत नेपाळी गडी असतात, मच्छीमार नौकांवर परप्रांतीय खलाशी असतात, आणि कारखान्यांतही बाहेरून आलेली माणसे वाढत आहेत. त्यांना येथे ना जत्रा ना शेती. त्यांची राहण्याची सोय, भाषा, गावी जाण्याची वर्षातून एकदाची लांब रजा हे प्रश्न निराळे आहेत, आणि उद्याच्या तरुण व्यवस्थापकाला ते हाताळावेच लागणार आहेत. रजेचा जो सुंदर तक्ता येथे शिकवला जातो त्यात या माणसांसाठी एकही रकाना नाही.

फी माणशी नऊ हजार रुपये आहे, दुपारचे जेवण धरून. लहान कारखान्याला ही रक्कम जाणवते. ज्याच्या हाताखाली प्रत्यक्ष माणसे आहेत त्यालाच पाठवावे; नुसते हिशेब पाहणाऱ्या कारकुनाला किंवा अजून शिकत असलेल्या मुलाला पाठवल्यास पैसे वाया जातील, कारण दर शनिवारी आपल्या ठिकाणचे खरे काम आणि खरे प्रकरण घेऊन जावे लागते. एकाच ठिकाणचे दोघे एकत्र पाठवले तर अधिक बरे, असा आमचा अनुभव आहे: परत आल्यावर ते एकमेकांची पाने तपासतात आणि एकटे पडत नाहीत. मालकाला पाचव्या शनिवारी यायला जमणार नसेल तर मात्र ही तुकडी सोडून पुढची धरावी.

गणपतीनंतर सुरू होणारी तुकडी सर्वांत सोयीची आहे, कारण लावणी उरकलेली असते आणि बीचा हंगाम दूर असतो. प्रवेश घेताना तीन गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात: कारखानाभेटीची तारीख पावतीवर लिहून घ्यावी, शेवटच्या भागात आपल्या व्यवसायातील आकडे वापरले जातील असे प्रशिक्षकांकडून कबूल करून घ्यावे, आणि पुस्तिकेचा मराठी उत्तरार्ध तयार झाला आहे का ते विचारावे. चालकांनी तो या पावसाळ्यात पुरा करण्याचे मान्य केले आहे.